मार्क नसलेली परीक्षा

माघ सरत आला की आमच्या शिवाराचा वास बदलतो. भात कापून तीनेक महिने झालेले असतात. जमीन वरून भेगाळलेली, पण आत कुठंतरी ओल धरून असते. त्या ओलीवर आणि वरच्या दवावर वाल पिकतो. त्याला कोणी पाणी पाजत नाही. हिरव्या वालाचा वास उग्र, सवय नसलेल्याच्या डोक्यात जातो. पिकला की तो वास मरतो आणि त्याच्या जागी वाळक्या पाल्याचा, थोडा धुळीचा, थोडा गोडसर वास येतो. तो आला की मी पंचांग बघत नाही, कुणाला विचारत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत शेतात.

वाल उजाडायच्या आतच उपटायचा असतो. हे सांगावं लागतं, कारण आता आमच्याच गावातल्या निम्म्या पोरांना ते ठाऊक नाही. दवानं शेंग मऊ असते तोवर झाड बुडाशी धरून ओढलं तर शेंगा शाबूत खळ्यावर येतात. ऊन वर आलं की शेंग कडक होते, हात लागला की तडकते, आणि दाणा उडून भेगेत जातो. भेगेत गेलेला दाणा कोणाच्या बापाला परत मिळत नाही.

याच दिवसांत पोरं परीक्षेला जातात. आमचं गाव पेण आणि रोह्याच्या मधलं, रेल्वेच्या रुळापासून दहा मिनिटांवर. यंदा एका सकाळी खळ्यावरून येताना नाक्यावर जरा टेकलो होतो. दोन पोरी रिक्षाची वाट बघत होत्या. पांढरे कॅनव्हासचे बूट, केस वर बांधलेले.

एक म्हणाली, "मला तर भीती वाटतेय गो."

"कशाची भीती? आज तर नुसती श्रेणीची हाय. मार्क नाय तिला."

"मार्क नाय, पण नाय दिली तर निकाल अडकतो ना."

रिक्षा आली, त्या गेल्या. मी मात्र तिथंच बसून राहिलो. उन्हाचा चटका पायाला लागेपर्यंत बसून राहिलो.

श्रेणी हा शब्द माझ्या घरात आठ वर्षांपूर्वी आला. त्याआधी मला तो माहीत असायचं कारण नव्हतं. मी चौथी शिकलो, तीही अर्धी गुरांमागे. वाचता येतं, सही येते, आकडे चांगले येतात. त्याच्या जोरावर मी आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही.

माझा मुलगा दिलीप डोलवीला कंपनीत कंत्राटावर होता. एका पावसाळ्यात कावीळ झाली, पोटात गेली आणि त्यातच तो गेला. तेव्हा त्याची मुलगी श्रेया अंगणवाडीत होती. माझी बायको त्याच्या आधीच गेलेली. घरात उरलो तिघं. मी, श्रेया आणि सून सुनंदा. सुनंदा पेणच्या बाजूची, नववीतून शाळा सुटलेली. घरात बोलायची कमी, पण तिनं लावलेली लावणी लांबून ओळखू यायची, इतकी सरळ.

दिलीप गेल्यावर तीन वर्षांनी, जेवायला वाढता वाढता ती म्हणाली, "आबा, मी दहावीला बसते."

मी भाकरी मोडत होतो. "कुठं बसतेस?"

"सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. बाहेरून परीक्षा देतात तो. रोह्याजवळ अष्टमी गावच्या शाळेत रविवारी जायचं. आपल्या अंगणवाडीच्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. ती जागा मिळायला दहावीचा दाखला लागतो."

"बस," म्हटलं. मनात म्हटलं, दोन महिन्यांत दमेल.

ती दमली नाही. भात झोडून झाल्यावर, जेवणं व्हायच्या आधी, पडवीत पाटावर वह्या मांडून बसायची. शेजारी श्रेया, दुसरीतली. मायलेकी एका दिव्याखाली अभ्यास करायच्या आणि श्रेयाच आईला दरडावायची. "आई, पाढा चुकला. परत म्हण." माझ्या घरात तीन वर्षांत तेव्हा पहिल्यांदा कोणी मोठ्यानं हसलं असेल.

मग एक दिवस ती म्हणाली, पेपरांशिवाय आणखी काही पुरं करावं लागतं. त्याला मार्क नसतात, अ-ब-क-ड अशी श्रेणी असते. पाण्याची वही करायची, जलसुरक्षा म्हणून विषय आहे. शारीरिक शिक्षण आहे. थोडं गावासाठी काम करायचं, त्याचा कागद आणायचा.

"मार्क नाय?"

"नाय आबा."

"मग कशाला करायचं?"

"केल्याशिवाय दाखला नाय."

मला हसू आलं. ज्याला मोल नाही ते काम कोण करील? असं मी म्हणालो, आणि ती बाई माझ्यासमोर उभी होती, जी पहाटे चारला उठून माझ्या अंघोळीचं पाणी तापवायची. त्याला मी कधी कसले मार्क दिले होते? पण हे आज सुचतंय. तेव्हा हसलो आणि पान सरकवलं.

पाण्याच्या वहीचं मात्र वेगळं झालं. गावातल्या पाण्याची माहिती जुन्या माणसाला विचारून लिहायची होती. ती वही घेऊन माझ्यापुढं बसली. म्हणाली, "आबा, सांगा."

मी सांगत गेलो. जांभळीखालची बाव कुणी खणली, कुठल्या बावीला अक्षय्य तृतीयेपर्यंत पाणी टिकतं, कुठल्या पाण्यात डाळ शिजत नाही. कालवा यायच्या आधी बाया कुठपर्यंत हंडे घेऊन जायच्या. माझी आई कुठल्या पायरीवर घसरली होती. ती लिहीत होती. मी इतका वेळ सलग बोललोय असं मला आठवत नाही, दिलीपशीही नाही. तिनं गावाचा नकाशा काढला, बावी निळ्या पेन्सिलीनं रंगवल्या. शेवटच्या पानावर लिहिलं, माहिती देणारे : श्री. काशिनाथ धोंडू. मी ते नाव बोट ठेवून वाचलं. चौथीनंतर शाळेच्या वहीत माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं. त्या वहीला 'अ' मिळाला. नाक्यावर मी चार माणसांना सांगितलं की मला 'अ' मिळाला. मार्क नसलेल्या विषयात मिळाला, हे सोडून सगळं सांगितलं.

शारीरिकची तयारी अंगणात चालायची. श्रेया ओट्यावर उभी राहायची, कमरेवर हात. "साव...धान! आई, हात सरळ. विश्राम! आई, हसायचं नाय." सुनंदा पदर खोचून एका जागी धावायची. बांगड्या वाजायच्या. मी आत बसून खोकायचो, म्हणजे त्यांना कळावं की मी आहे. खोकला ऐकला की बांगड्या थांबायच्या. मग थोड्या वेळानं, हळू, परत सुरू व्हायच्या.

आणि माघ सरला. शेताचा वास बदलला.

आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "आबा, उद्या शारीरिकची परीक्षा हाय. पहिल्या गाडीनं जाते. दुपारच्या आत येते."

"उद्या वाल उपटायचा हाय."

"परवा उपटू ना. मी चारला उठते."

"वाल तुझ्या शाळेसाठी थांबणार हाय काय?"

"शाळेच्या बाईंनी सांगितलंय, बाहेरून बसलेल्यांना एकच दिवस."

"मार्क नसलेल्या परीक्षेला कसला एकच दिवस?"

ती उठून भांडी आवरायला लागली. मला वाटलं, झालं, ऐकलं. पहाटे उठलो तर चुलीवर पाणी तापलेलं, भाकऱ्या फडक्यात, श्रेया शेजारणीकडे, आणि ती गेलेली.

मी एकटा शेतात गेलो. वयाच्या सत्तरीत कंबर वाकते, पण दोघांचं काम एकट्यानं होत नाही. अर्धं शेत झालं आणि ऊन आलं. थांबायला हवं होतं. दुसऱ्या पहाटे उरलेलं करता आलं असतं. पण मी थांबलो नाही. हट्टानं उपटत राहिलो आणि शेंगा तडकत राहिल्या. प्रत्येक टिचकीबरोबर मला वाटत होतं, हे तिच्यामुळे. खरं तर दाणा मीच उडवत होतो.

हातपाय तसेच मातीचे घेऊन मी नाक्यावर आलो, रिक्षा धरली आणि अष्टमीला गेलो.

शाळेचं मैदान रस्त्याला लागून. पोरं रांगेत उभी, पांढरे-निळे कपडे, आणि सर शिट्टी वाजवतायत. मी सुनंदाला शोधत होतो आणि ती दिसत नव्हती, कारण मी लुगड्यातली सुनंदा शोधत होतो. शेवटच्या रांगेत एक उंच बाई होती. पंजाबी ड्रेस, ओढणी छातीवरून कमरेला आवळलेली, पाय अनवाणी. शिट्टी झाली की सगळ्यांबरोबर ती उडी मारायची, हात डोक्यावर जुळायचे. तिचं तोंड माझ्याकडे होतं, पण ती मला बघत नव्हती. ती समोर कुठंतरी बघत होती आणि मनात आकडे मोजत होती. ओठ हलताना दिसत होते.

खरं सांगतो, तिला कोणी हसत नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांची पोरं आपापल्या उड्या मारत होती. बाजूची पोरगी तिला हळूच म्हणाली, "काकू, आता डावा." एवढंच. लाज वाटत होती ती मला एकट्याला.

मी फाटकातून आत गेलो. "सुनंदा!"

रांग थांबली. सर आले. तरुण माणूस, नीट बोलला. "काका, परीक्षा चालू आहे. बाहेर थांबा."

"माझी सून हाय ती."

"हो काका, पण धावणं राहिलंय. दहा मिनिटं."

"दहा नाय न पाच नाय. घरचं पीक उन्हात फुटतंय आणि ही इथं नाचते. चल गो."

सुनंदा रांगेतून दोन पावलं पुढं आली. "आबा, दहाच मिनिटं."

मी तिच्याकडे नुसतं बघितलं. आमच्या घरात तेवढं पुरतं.

ती आली. मागून सर म्हणाले, "काका, मग गैरहजर लिहावं लागेल."

"लिव्हा," मी म्हणालो.

मी पुढं, ती मागं. चपला मैदानाच्या कडेला राहिल्या होत्या. ते मला कळलं तेव्हा आम्ही अर्धा डांबरी रस्ता चाललो होतो. मी थांबलो नाही, तिनंही सांगितलं नाही. रिक्षात तिनं ओढणी सोडून डोक्यावर घेतली. घरी येऊन कपडे बदलले आणि शेतात गेली. पडलेला दाणा संध्याकाळपर्यंत भेगांतून एकेक वेचत होती. मी बांधावर बसून होतो. मी म्हणालो नाही की राहू दे.

पेपर तिनं सगळे दिले. त्याला मी आडवा आलो नाही, आणि हा माझा मोठेपणा आहे असं तेव्हा मला वाटत होतं.

निकाल जूनमध्ये लागला. शेजारच्या घरातल्या मोबाइलवर बघितला, मग ती कागद घेऊन आली. आकडे मला येतात. मी एकेक आकडा वाचला. मराठीत एकाहत्तर. गणितात त्रेचाळीस. भूगोलात अडुसष्ट. एकही विषय राहिला नव्हता.

"पास झालीस की!" मी म्हणालो. मला खरंच आनंद झाला होता.

तिनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, निकाल राखून ठेवला.

"हे काय?"

"शारीरिकची श्रेणी नाय गेली," ती म्हणाली आणि कागद घडी करून डब्यात ठेवला. भाताच्या रोपाला पाणी सोडायला गेली.

दोन दिवसांनी, रोह्याला खत बघून येतो असं सांगून मी अष्टमीला गेलो. पाऊस होता. छत्री मिटून शाळेच्या व्हरांड्यात अर्धा तास उभा राहिलो. माझ्यासारख्या माणसाला आत जाणं सोपं नव्हतं. शेवटी तिच्या वर्गाच्या बाईंनीच बघितलं. मी नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं. त्या दिवसाचं काही बोलल्या नाहीत.

म्हणाल्या, "बसा काका. फार काही बिघडलेलं नाही. जुलैत पुरवणी परीक्षा असते, त्या वेळी आम्ही त्यांचं शारीरिक घेऊ आणि श्रेणी पाठवू. पेपर परत द्यायचे नाहीत. फक्त एक दिवस पाठवा त्यांना."

"एकच दिवस?"

"एकच दिवस."

मी हात जोडले. आयुष्यात देवळाबाहेर कुणाला हात जोडले नव्हते. येताना पुलावर उभा राहून कुंडलिकेचं गढूळ पाणी बघितलं आणि मनात वाक्य जुळवलं. सुनंदा, मी शाळेत गेलो होतो, बाई म्हणाल्या जुलैत ये.

साधं वाक्य. घरी पोचलो तेव्हा ती चिखलात उभी होती, रोपाच्या मुठी बांधत होती. मला बघून म्हणाली, "खत मिळालं काय?"

मी म्हणालो, "नाय."

आणि तिथंच ते वाक्य अडकलं. सांगायचं तर मी शाळेत गेलो होतो हे सांगावं लागणार. का गेलो होतो, हे सांगावं लागणार. मग मैदानातलं सगळं परत उघडं पडणार. म्हटलं उद्या सांगू. उद्या लावणी सुरू झाली. म्हटलं, तिनं एकदा नुसतं विचारू दे, की आबा, आता काय करायचं? मग सांगतो. रोज वाट बघितली. ती लावणी लावत होती, सरळ ओळी, एका मापाच्या. वाकलेली पाठ मला दिसायची. दोन वेळा मी तोंड उघडलं. एकदा म्हणालो, पाऊस वाढेल. एकदा म्हणालो, चहा टाक.

जुलै गेला.

अंगणवाडीची जागा आधी निघणार होती ती निघालीच नाही, सरकारी कामं. निघाली गणपतीनंतर. म्हणजे जुलैत ती एक दिवस गेली असती तर दाखला हातात असता. ती जागा गावात त्याच वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीला मिळाली. मुलगी चांगली आहे. तिच्यावर माझा राग नाही. सकाळी तिच्या अंगणवाडीतली पोरं एका सुरात ओरडतात, ते ऐकू आलं की मी घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसतो.

दिवाळी झाल्यावर सुनंदा पेणला गेली. माहेरच्या ओळखीनं गणपतीच्या कारखान्यात घासकामाला लागली. खोली घेतली, श्रेयाला तिथल्या शाळेत घातलं. भांडण नाही, तंटा नाही. जाताना माझ्या पाया पडली. पहिल्यांदा तिला बघायला गेलो तेव्हा दारातच थबकलो. ओळीनं न रंगवलेले पांढरे गणपती, आणि त्यांच्यामध्ये बसलेल्या सुनंदाचे केस पांढरे झालेले. मग कळलं, ती मूर्ती घासताना उडालेली माती होती. तिनं डोकं झटकलं, केस काळे झाले. पण मला जे दिसलं ते दिसलं.

दर माघात ती दोन दिवस येते, वाल उपटायला. बोलावणं लागत नाही. यंदाही आली. नाक्यावरच्या त्या दोन पोरी मी बघितल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी. दवात आम्ही दोघांनी शेत उपटलं. मी थोडं, बाकी तिनंच. ऊन आल्यावर खळ्यावर शेंगा निवडत बसलो. श्रेया आता दहावीला आहे.

मी विचारलं, "श्रेयाचं ते शारीरिक झालं काय?"

"झालं. 'अ' मिळाला."

"बरं झालं."

मग ती खाली बघत म्हणाली, "आबा, तुम्ही तेव्हा शाळेत गेला होता ते मला माहीत हाय."

निवडलेली शेंग मी परत ढिगात टाकली.

"बाईंनी त्याच संध्याकाळी शेजारच्या मोबाइलवर फोन केला होता. जुलैचं पण सांगितलं होतं."

"मग गेलीस का नाय गो?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"अगो, पण तुला ठाऊक होतं..."

"मला ठाऊक होतं. पण मैदानातून तुम्ही आणलंत. एवढ्या पोरांसमोर, सरांसमोर. परत कुठल्या तोंडानं गेले असते? तुम्ही नुसतं जा म्हणाला असता तर गेले असते." मग म्हणाली, "रोज वाटायचं, आज सांगतील. चहा टाक म्हणालात ना एकदा, तेव्हा तर मला वाटलं, आलंच आता."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं, भांडायला मला येतं. ती वाट बघितल्याचं सांगत होती, दुसरं काही नाही. एका घरात, एका चुलीच्या दोन बाजूंना, तो अख्खा पावसाळा आम्ही दोघं एकाच वाक्याची वाट बघत होतो, आणि ते माझ्याजवळ होतं.

तेव्हाही मी शेंगांची पाटी उचलून उगाच पलीकडे ठेवली. दुपारच्या गाडीनं ती गेली.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तिच्या हाताला येईल ते ती वाचते, श्रेया सांगते. म्हणून हे लिहून छापायला दिलंय. जुलै आठ वर्षांपूर्वी संपला, आता याचा काही उपयोग नाही हे मला कळतं. तरी लिहितो. सुनंदा, मी अष्टमीला गेलो होतो. बाई म्हणाल्या, एकच दिवस पाठवा. पेपर परत द्यायचे नाहीत. तू जा. घरचं मी बघतो.